पत्ते काटणारा पोट्टा

पोळ्याच्या रात्री नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात पत्ते बसायचे. वाड्यात बैल एकाच्याही घरी नव्हता, पण पोळा म्हटला की पुरणपोळी आणि तीन पत्ती दोन्ही पाहिजेच, यावर सगळ्या बिऱ्हाडांचं एकमत होतं. विदर्भात हे नवीन नाही. पोळ्याला जुगार चालतो, पोलीस धाडी घालतात, पेपरात बातमी येते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमचे मोठे काका पत्ता लावायचे, म्हणजे पिसताना हवी ती पानं हव्या जागी बसवायचे. हे काही गुपित नव्हतं. तीन पत्तीत तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल, सरासरी ४२५ वेळा वाटल्यावर एकदा लागते. काकांना एकाच रात्री तीनदा लागलेली मी पाहिली आहे. पण पोळ्याच्या दिवशी घरच्या माणसाला चोर कोण म्हणणार? वाड्यानं त्यावर एक तोड काढली होती. पिसणारा कोणीही असो, पत्ते काटायचे, म्हणजे चवड मधून तोडून खालची वर करायची, ती घरातल्या सर्वांत लहान पोट्ट्यानं. लहान पोराला काय कळतं, आणि ज्याला कळत नाही तो प्रामाणिक, असा त्यामागचा हिशोब. १९८८ साली तो पोट्टा मी होतो. वय वर्षं नऊ.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी तो त्रिमूर्तीनगरला घरी आला, पुढ्यातल्या तर्री-पोह्यांची तर्री थिजेपर्यंत गप्प बसला, आणि मग म्हणाला, "मामा, पूर्ण सेटिंग आहे हे."

"काय?"

"पोकर. अ‍ॅप. माझ्याजवळ एक्क्यांची जोडी होती. समोरच्याजवळ बादशहांची. सगळे पैसे टाकले. अन् शेवटच्या पानाले बादशहा! तिसऱ्यांदा झालं हे याच महिन्यात. कायले कोणी खेळेल मग?"

त्याला हा खेळ लॉकडाउनमध्ये मीच दाखवला होता, तेव्हा मी मान खाली घालून पोहे खात राहिलो. (त्याची आई, म्हणजे माझी बहीण, हे वाचणार आहे. ताई, माफ कर.)

ज्यांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यापुरतं सांगतो. या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी पडतात. एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीसमोर साधारण ८२ टक्के वेळा जिंकते. उरलेल्या १८ टक्क्यांत बादशहावाला. आता लुडोचा फासा घ्या. सहा पडायची शक्यता १६.७ टक्के, म्हणजे याहून थोडी कमीच. समोरच्याला सहा पडला म्हणून लुडोचा पट कोणी फेकून देत नाही. निदान मोठी माणसं तरी नाही.

हे मी भाच्याला समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे गणित मलेही येते. पण मामा, तिसऱ्यांदा?"

मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. आमच्याकडे भांडण तोंडानं मिटत नाही, कागदानं मिटतं. मी सीताबर्डीवरून दोनशे पानी वही आणली आणि रोज रात्री जेवण झाल्यावर खेळलेला प्रत्येक डाव त्यात लिहायला बसलो. टेबल अगदी छोट्या रकमेचं. उद्देश संशोधनाचा, असं बायकोला सांगितलं. तिनं त्यावर काही म्हटलं नाही, फक्त वही कोणत्या रंगाची आहे ते विचारलं.

तीन महिन्यांत ५,३०४ डाव झाले. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा मिळते, म्हणजे मला ती २४ वेळा मिळायला हवी होती. मिळाली २१ वेळा. कोणतीही जोडी १७ डावांत एकदा, म्हणजे ३१२, मिळाल्या ३१९. इतका फरक नाणं उडवलं तरी येतो. भाच्याला वही दाखवली तर तो हसला. "मामा, हातात आलेल्या पानांत कोण कशाला झोल करेल? झोल शेवटच्या पानात असते."

बरोबर होतं त्याचं. म्हणून दुसरा तक्ता आखला. ज्या डावांत सगळे पैसे मध्ये गेले आणि दोघांचीही पानं उघडी पडली तेवढेच डाव घ्यायचे, आणि त्या क्षणी कोणाची शक्यता किती होती ते मांडायचं. मी पुढे होतो असे ६१ डाव निघाले. शक्यतांची बेरीज सांगत होती की मी ४४-४५ जिंकायला हवे, जिंकलो ४३. मी मागे होतो असे ३८ डाव. त्यांतले ११ मिळायला हवे होते, मिळाले १३.

त्या १३ डावांनी मला खरं गाठलं. पुढे असून हरलेले १८ डाव मला पानांसकट तोंडपाठ होते. कोणत्या वारी, काय जेवून बसलो होतो तेसुद्धा. आणि हे १३, ज्यांत समोरच्याचं हक्काचं टेबल मी शेवटच्या पानावर उचलून नेलं होतं, त्यांतला एकही आठवेना. वहीत माझंच अक्षर होतं. त्या १३ जणांनी कुठेतरी, नाशिकला किंवा रायपूरला, आपल्या मामाकडे जाऊन हेच सांगितलं असणार.

माझ्या या वहीनं मोठी चोरी पकडली असती, छोटी नाही, हेही मान्य करतो. कोणी शंभरात दोन टक्क्यांनी हात मारत असेल तर तो ६१ डावांत दिसत नाही. त्यासाठी असे दोन हजारांवर डाव लागतील. तेवढ्यात माझं घर मोडलं असतं.

मोजण्याचा हा हट्ट आमच्या भागाला जुनाच म्हणायचा. महाभारतातला नळ हा विदर्भाचा जावई. दमयंती कुंडिनपूरची, आणि वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर तेच असं आपण मानतो. फाशांवर राज्य घालवून सारथी झालेला हा नळ राजा ऋतुपर्णाला घेऊन विदर्भाकडे रथ हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा नुसत्या नजरेनं सांगतो, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवतो आणि म्हणतो, मी मोजून पाहणार. राजाला उशीर होतोय, तो विनवतो, पण हा ऐकत नाही. मोजतो, आकडा बरोबर निघतो, मग राजा त्याला फाशांची विद्या देतो आणि अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याच्याच बिया वापरत. मला या गोष्टीत विद्येपेक्षा ते रथ थांबवणं आवडतं. सगळं गमावलेला माणूस दुसऱ्याच्या शब्दावर फळांचा आकडाही घेत नाही.

तर वही एका बाजूला. दुसरीकडे, ऑनलाइन पोकरमध्ये चोरी झालीच नाही असं नाही. झाली, आणि चांगली कागदोपत्री सिद्ध झाली. फक्त भाचा म्हणतो तशी नाही.

पत्त्यांच्या एका जोडाचे क्रम किती? ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, असं एकपर्यंत गेलं की ६८ आकडी संख्या येते. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर ही साइट चालायची. तिच्या मागचं सॉफ्टवेअर एएसएफ नावाच्या कंपनीचं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आपण पत्ते कसे पिसतो ती पद्धत उघड छापली. प्रामाणिकपणाच म्हणायचा. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही जणांनी ती वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की पिसण्याची सुरुवात ज्या बीजसंख्येपासून होते ती घड्याळातून घेतली जाते: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ६८ आकडी समुद्रातून कंपनी एक घागर उपसत होती. त्यांनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं तेव्हा शक्यता उरल्या साधारण दोन लाख. आपली दोन पानं आणि मधली तीन अशी पाच दिसली की दोन लाखांतला नेमका जोड संगणक शोधायचा, आणि मग समोरच्याची पानं, पुढे येणारी पानं, सगळंच उघडं. त्यांनी पैसे न लुटता हे जाहीर केलं.

यात कोणी लबाड नव्हतं. पिसणारा फक्त आळशी होता. आता चांगल्या कंपन्या असं करत नाहीत. स्वतंत्र प्रयोगशाळांकडून पिसण्याची तपासणी करून घेतात. त्या सर्टिफिकेटवर मला फारसा संशय नाही. पण ते पानं नीट पिसली जातात याचं असतं. पिसलेली पानं कोण पाहतो, हा वेगळाच प्रश्न.

२००७ साली अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर पॉटरिपर नावाचं खातं एक स्पर्धा जिंकलं. समोरच्याची पानं दिसावीत इतकं बिनचूक खेळून. हरलेल्या एकानं आपल्या डावांची नोंद मागितली, तर कंपनीकडून एक्सेलची अशी फाइल आली की तिच्यात सगळ्यांचीच झाकलेली पानं होती. चुकून की कोणीतरी आतून मुद्दाम, देव जाणे. खेळाडूंनी ती चाळून पाहिली आणि कळलं की हा गडी समोर चांगली पानं असली की निमूट बाजूला होतो, नसली की चढतो. नंतर कंपनीनंही कबूल केलं. पाठोपाठ २००८ मध्ये तिच्याच जोडीच्या अल्टिमेट बेट साइटवर तसंच निघालं, आणि परवाना देणाऱ्या काहनावाके आयोगानं त्यात १९९४ च्या जगज्जेत्याचं, रस हॅमिल्टनचं नाव घेतलं. दोन्हीकडे पत्ते नीट पिसले जात होते. वाटले जात होते तेही नीट. फक्त एका खुर्चीवरून सगळं दिसत होतं.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री बराच वेळ झोप आली नाही. कारण वाड्यातली गोष्ट मी अजून अर्धीच सांगितली आहे.

त्या वर्षी पोळ्याच्या दुपारी मोठ्या काकांनी मला मागच्या अंगणात नेलं, पत्ते हातात दिले आणि म्हणाले, बोट फिरव. एका जागी एक पान जरासं वाकलेलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, अंगठ्याला लागत होतं. "तिथंच काटायचं. बस." दहा वेळा करून घेतलं. रात्री काका पिसत, ठरवलेली पानं लावत, वाकवलेलं पान जागेवर ठेवत आणि जोड माझ्यासमोर सरकवत. मी वाकेवर काटायचो. खालची चवड वर यायची आणि काकांनी लावलेलं सगळं जिथल्या तिथं बसायचं. त्या तीन ट्रेल अशा आल्या. सकाळी मला दोन रुपयांची नोट मिळाली.

वाड्याचा सगळा भरवसा त्या काटण्यावर होता. आणि ते विकलं गेलं होतं, दोन रुपयांत.

त्या रात्री माझे वडील ३४० रुपये हरले. तेव्हाच्या त्यांच्या पगारात ही रक्कम लहान नव्हती. जिना चढताना मी त्यांच्या मागे होतो. आई दारात उभी. बाबा चप्पल काढत एवढंच म्हणाले, "आज पानंच येऊन नाही राहिली." ना राग, ना संशय. संशय कुठून येणार? पत्ते त्यांच्याच पोरानं काटले होते.

मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. २०११ मध्ये ते गेले.

म्हणून भाचा "सेटिंग आहे" म्हणतो तेव्हा मला त्याच्यावर हसू येत नाही. जिथे खरोखर सेटिंग होतं तिथे माझे वडील नशिबाला बोल लावून झोपले. जिथे माझ्या वहीला सेटिंग सापडलं नाही तिथे भाच्याची झोप उडाली. आणि मी तीन महिने ५,३०४ डाव का मोजले, याचंही खरं उत्तर माझ्याकडे आहे. चोराच्या मनात चांदणं.

भाच्याला मी हे सांगितलं नाही. त्याला दुसरंच काहीतरी सांगितलं, जे मला या सगळ्या वाचनात सर्वांत सुंदर वाटलं. १९७९ मध्ये शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन या तिघांनी, म्हणजे ज्यांच्या आद्याक्षरांवरून आरएसए हे संकेतलेखन ओळखलं जातं त्यांनीच, एक प्रश्न सोडवला: दोन माणसं फोनवर, मध्ये तिसरा कोणी नसताना, पत्त्यांशिवाय पोकर खेळू शकतात का? लबाडी न होता? त्यांची युक्ती कुलपांची. समजा मी ५२ पानं ५२ डब्यांत घातली, प्रत्येकाला माझं कुलूप लावलं, डबे मिसळले आणि तुझ्याकडे पाठवले. तुला आत काय ते दिसत नाही. तू त्यातले दोन मला परत दिलेस. ती माझी पानं, मी कुलूप काढून पाहिली. तू स्वतःसाठी दोन निवडलेस, त्यांवर आपलंही कुलूप लावलंस आणि माझ्याकडे पाठवलेस. मी माझं कुलूप काढून परत दिले, तू तुझं काढलंस. पानं मी भरली, निवडली तू. कोणावर विश्वास ठेवायचं कामच नाही.

भाचा सॉफ्टवेअरवाला, त्याचे डोळे चमकले. "म्हणजे काटल्यासारखंच की."

"हो. पण पोट्टा नको लागत."

"कोणता पोट्टा?"

मी विषय बदलला. पुढे त्यानंच वाचून सांगितलं की यंत्रंही आता बसतात टेबलावर. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामनं सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. कुलपं कितीही लावा, समोर माणूस आहे की नाही ते कुलूप सांगत नाही.

खरं म्हणजे कंपनीला पत्ते लावायची गरजच नसते. महालात काकांच्या खोलीत बसायचं तर प्रत्येक डावातून नाल, म्हणजे जागावाल्याचा हिस्सा, निघायची, चहा-पंख्याच्या नावानं. अ‍ॅपही तेच करायचं, साधारण पाच टक्के. सहा जण प्रत्येकी दोन हजार घेऊन बसले, डावामागे सरासरी दहा रुपये नाल गेली आणि तासाला सत्तर डाव झाले, तर सतरा-अठरा तासांत ते बारा हजार कोणीही न जिंकता संपतात. महालात तासाला वीस डाव व्हायचे, मध्ये कोणाला तंबाखू मळायची असायची, कोणाची बायको हाक मारायची. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, आणि त्याआधीपासूनच निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस. दिवसभर लोकांना हेच समजावून सांगणारा मी, रात्री त्याच टेबलावर.

भाच्यानं एकदा सहज विचारलं, "मामा, तुम्ही टोटल किती हरले?" मी वही उघडली. एक्के होते, जोड्या होत्या, शक्यता दोन दशांश स्थळांपर्यंत होत्या. पैशांचा रकाना नव्हता. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे खातेउतारे तपासणाऱ्या माणसानं तो आखलाच नव्हता. बँकेचं स्टेटमेंट काढलं तेव्हा पाच वर्षांत गेले १,८७,५०० आणि आले १,२१,३०० असे निघाले. वजाबाकी भाच्यानं केली.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. २२ ऑगस्टला पोळा होता. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, पैसे काढून घ्या, टेबलं बंद झाले." माझ्या खात्यात ३१२ रुपये होते. काढून घेतले.

रात्री आम्ही दोघं महालात गेलो. वाड्याचा पुढचा भाग पाडून फ्लॅटची स्कीम उभी राहते आहे, मागच्या दोन खोल्यांत मोठे काका असतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे. दुसऱ्या दिवशीच्या मारबतीची तयारी गल्लीत चाललेली, पोरांनी "घेऊन जा गे मारबत"ची तालीम आदल्या रात्रीपासूनच सुरू केलेली. काकूंनी पुरणपोळ्या काढल्या आणि काकांनी उशीखालून पत्ते. डाव चिंचोक्यांवर.

त्यांचे हात थरथरतात. पिसताना दोन पानं खाली पडली, इस्पिकची दश्शी आणि बदामची तिर्री. भाच्यानं उचलून दिली. तो प्रत्येक हालचाल पाहत होता, अ‍ॅपवर कधी पाहायला न मिळालेली. काकांनी जोड नीट केला, चटईवर ठेवला आणि माझ्यासमोर सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"काट बे पोट्ट्या. पाहून काय राहिला?"

मी हात पुढे केला. कडेवरून अंगठा फिरवला. मध्याच्या जरा खाली एक पान वाकलेलं होतं.

"मामा, नीट काटा बरं," भाचा म्हणाला.